गोव्याचं पाणी, यल्लम्माचं पाणी

श्रावण शुद्ध द्वितीया ते नागपंचमी असे चार दिवस आम्ही तिघं घराबाहेर होतो: मी, अकरावीतली माझी लेक आणि गाडी चालवायला माझा धाकटा मामा. माझं माहेर शहापूर, सासर वडगाव, म्हणजे सगळा जन्म बेळगावातच गेला. कणकुंबी मला माहीत होतं ते गोव्याला जाताना चहाला थांबायचं गाव म्हणून, आणि गोकाक म्हणजे शाळेची सहल. या वेळी लेकीनं हट्टच धरला. पाऊस पडतो तिथून निघायचं आणि ते पाणी जिथं जाऊन थांबतं तिथपर्यंत जायचं. वहीत तिनं नकाशाही काढला होता. कणकुंबी, जांबोटी, गोडचिनमलकी, गोकाक, सौंदत्ती, सगळं आपल्या एकाच जिल्ह्यातलं.

निघताना तिनं एक बाटली तयार केली. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घेऊन वरचा निमुळता भाग कापला आणि नरसाळ्यासारखा उलटा आत बसवला. बाहेरून पट्टी चिकटवली. रोज रात्री ती उघड्यावर ठेवायची आणि सकाळी आत किती पाणी साचलं ते मोजायचं. झालं पर्जन्यमापक. मला तेव्हा तो पोरखेळ वाटला होता, पण चार दिवसांनंतर या प्रवासातलं सगळ्यांत जास्त त्या बाटलीनंच सांगितलं असं मला वाटतं.

पहिला दिवस : बेळगाव ते कणकुंबी

बेळगावातून निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. पिरनवाडी, किणये करत पुढं गेलो तशी ती भुरभुर सरीत बदलली आणि जांबोटीला पोचेपर्यंत गाडीच्या टपावर पाऊस ताशासारखा वाजायला लागला. स्टँडजवळ गरम भजी आणि चहा घेतला. समोरून एक गुराखी चालला होता, अंगावर घोंगडीची खोळ, हातात काठी, चाल अगदी संथ. आमच्या तीन छत्र्या वाऱ्यानं उलट्या झालेल्या आणि तो मात्र कोरडा.

जांबोटी सोडलं की झाडं रस्त्यावर वाकतात. दुपारी दोनला गाडीचे दिवे लावावे लागले. धुकं म्हणावं तर ते पळत होतं. ढगच होता तो, रस्त्यावरून चालत जाणारा. मामानं गाडी कडेला घेऊन काच खाली केली आणि लेकीनं हात बाहेर काढला. थेंब पडत नव्हता, तरी हात ओला झाला.

(या रस्त्यानं पावसाळ्यात जाणार असाल तर अंधार पडायच्या आत पोचा. पेट्रोल बेळगावातच भरून घ्या. गोव्याची वाहतूक याच वाटेनं असते, खड्डे पाण्यानं भरलेले असतात आणि समोरची गाडी अंगावर आल्यावरच दिसते.)

कणकुंबीत मामाच्या ओळखीच्या घरी उतरलो. मातीच्या भिंती, कौलं, पुढं पडवी आणि मागं गोठा. दारातच आजी उभी होती. "आत या की, उगाच भिजूलायसा," म्हणाली आणि आमच्या हातातल्या पिशव्या ओढूनच घेतल्या. चुलीवर पाणी तापत होतं. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि त्याच दिवशी रानातून आणलेली अळंबी, नुसतं मीठ-मिरची आणि खोबरं घालून केलेली. अळंबी तोंडात मऊ लागते, पण तिला मातीचा, पहिल्या पावसाचा म्हणावा असा वास असतो. लेकीनं तीनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर पडवीत बसलो होतो. पागोळ्या अशा पडत होत्या की अंगणात सरळ रेषेत खळगे झाले होते. लेकीनं आजीला आमचा बेत सांगितला. आजी थोडी हसली आणि बोट दाखवून म्हणाली, "ह्या अंगणातलं पाणी जातंय यल्लम्माला. आणि माघारच्या परड्यातलं गोव्याला."

आधी मला वाटलं ती गमतीनं बोलतेय. पण हे अगदी खरं आहे. पाणलोटाची रेघ याच गावच्या शिवारातून जाते. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, माउली देवीच्या देवळापाशी. ती पूर्वेला निघते, खानापूरवरून सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरापाशी जाते आणि सुमारे ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेत मिळते. म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि गावच्या दुसऱ्या अंगाला कळसा नाला आहे, तो उतरतो म्हादईत. म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावते, गोव्यात शिरल्यावर तिची मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. एका ढगातून शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एकाला समुद्र जवळ आणि दुसऱ्याला आख्खं दख्खन ओलांडून जायचंय. भूगोलाच्या पुस्तकात 'जलविभाजक' हा शब्द मी पाठ केला होता. तो एका अंगणाच्या आणि परड्याच्या मध्ये असतो, हे चाळीशी उलटल्यावर कळलं.

याच पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं भांडण आहे हे आपण सगळे वर्तमानपत्रात वाचतो. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला, तरी वाद मिटलेला नाही. कळशाचं पाणी मलप्रभेकडं वळवायला गावाजवळ खोदलेला कालवा आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. लाल माती कापून काढलेला लांबच लांब चर. आजी त्याबद्दल एवढंच म्हणाली, "पाणी समद्यांनाच पाहिजे बाई. पण वाटणी करताना आमाला कुणी इचारलं न्हाई." त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

रात्री नऊच्या सुमारास वीज गेली. आजीचा नातू, असेल सातवी-आठवीतला, लेकीला म्हणाला, "ताई, चल, लाकडात उजेड येतो तो दावतो." मी घाबरत घाबरत मागून गेले. घरामागं दोनशे पावलांवर झाडी सुरू होते. त्यानं बॅटरी बंद करायला लावली. आधी काहीच दिसेना. डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही इतका काळोख आणि पानांवर पावसाचा आवाज. मग एखाद मिनिटानं पायाशी काहीतरी हिरवट जाणवलं. कुजलेली एक फांदी, मनगटाएवढी, आख्खी मंद उजळलेली. घड्याळाच्या काट्यांवर पूर्वी जो हिरवा उजेड असायचा ना, तसा. मग शेजारी दुसरी, मग पानांचा कुजका थर, मग झाडाचं एक मूळ. बघता बघता सगळी जमीनच उगवल्यासारखी झाली.

ही बुरशी असते. लाकूड कुजवता कुजवता तिच्या पेशींत एक रासायनिक क्रिया होते, ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि त्यातून उजेड पडतो, पण उष्णता जवळजवळ नाहीच. मी फांदीचा एक तुकडा तळहातावर घेतला. गार होता. माझ्या हातावरच्या रेघा त्या उजेडात दिसत होत्या. इतक्या वर्षांत इतक्या वेळा या रस्त्यानं गेलो आणि गाडीच्या दिव्यांच्या पलीकडं हे होतं.

(हे बघायचं असेल तर चांगला पाऊस होऊन गेलेला हवा आणि चंद्र नको. आम्हाला द्वितीयेची रात्र आणि भरलेलं आभाळ मिळालं. गावातला माहीतगार माणूस बरोबर असल्याशिवाय रात्री झाडीत पाऊल टाकू नका. गवे असतात, अस्वलं असतात, आणि फुरसं पायाखाली आलेलं कळतही नाही. फांद्या उचलून घरी आणू नका. वाळल्या की उजेड जातो.)

दुसरा दिवस : सडा, जळवा आणि एक वटवाघूळ

सकाळी उठून लेक आधी बाटलीकडं धावली. साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे ९५ मिलिमीटर पाऊस, एका रात्रीत. मला तो आकडा प्रचंड वाटला. आजीनं चुलीपुढून मान वर न करता विचारलं, "एवढाच?"

नातवाबरोबर गावाबाहेरच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तिथं चप्पल घालूनही उभं राहवत नाही. हा दगड पावसानंच घडवलेला आहे. लाखो वर्षं पाणी मूळ खडकातून झिरपत राहिलं, विरघळण्यासारखं होतं ते धुऊन नेलं, आणि लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागं राहिलं. म्हणून तो लाल, म्हणून तो भोकाभोकांचा.

लांबून सडा रिकामा दिसतो. गुडघ्यावर बसलात तर मात्र उठवत नाही. सीतेची आसवं नुकती उमलायला लागली होती, निळी-जांभळी, नखाएवढी. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या. आणि त्यांच्यामध्ये दवबिंदूची रोपं, रुपयाच्या नाण्याएवढी लाल चकती, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर एक चिलट बसलं. बसलं ते उठेना. पाय सोडवायला गेलं की पंख चिकटायचा. लेक पोटावर झोपून बघत होती. वीस मिनिटांनी शेजारचे केस हळूहळू त्याच्याकडं वळलेले आम्ही दोघींनी पाहिले. या दगडावर माती अशी नाहीच आणि जे काही खत असतं ते पाऊस धुऊन नेतो. मग नायट्रोजन आणायचा कुठून? तर असा. सीतेची आसवंसुद्धा तेच करतात, फक्त त्यांचे सापळे पाण्याखाली, मुळांसारख्या तंतूंवर असतात. एवढ्या सुंदर निळ्या फुलाच्या तळाशी हे चाललेलं असतं.

परत येताना जळवांनी गाठलं. मला सात, मामाला अकरा. नातवानं तंबाखूची पुरचुंडी आणली होती, ती ओली करून लावली की जळू आपोआप सुटते. ओढून काढू नका, जखम वाहत राहते. पायमोजे पँटवरून चढवा आणि थांबाल तिथं पाय बघा. दुखत नाही, पण रक्त बराच वेळ थांबत नाही. तेव्हा घाबरायचं काही कारण नाही.

चहाच्या टपरीवर वनखात्यातले एक गृहस्थ भेटले, खाकी रेनकोट, मिशीवर पाणी. मूळचे खानापूरकडचे, मराठी आपल्यासारखंच. भीमगड अभयारण्याची गोष्ट त्यांच्याकडून ऐकली. डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं रान. त्यात बारापेडे नावाच्या गुहा आहेत आणि तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि पुढं कित्येक दशकं आख्ख्या जगात ते फक्त इथंच सापडत होतं. अलीकडं मेघालयात आणि कंबोडियात आढळलं आहे. मोठे कान कपाळावर जोडलेले, तोंडावर झापडीसारखे पुढं आलेले. ते म्हणाले, "आमच्या रानात वाघ आहे की नाही हे सगळे विचारतात. वटवाघळाचं कुणी विचारत नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि थोडं दुःखही. मी घरी येऊन चार जणांना सांगितलं, म्हणून इथंही लिहितेय. (अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि गुहेत तर जाऊच नये. ती वटवाघळं माणसाच्या वावरानं बिथरतात.)

निघताना आजीनं एका पुडीत मूठभर तांदूळ आणि हळदकुंकू बांधून दिलं. "सौंदत्तीला जातायसा न्हवं? माझ्या नावानं आईच्या पायावर घाला. गुडघ्यानं आता जायला होत न्हाई." तांदूळ तिच्याच शेतातला. पुडीवर तिनं दोरा तीनदा फिरवून गाठ मारली.

माउलीच्या देवळात कुंडाचं दर्शन घेतलं. चौकोनी, पायऱ्यांचं, शांत पाण्याचं. एवढीशी जागा. उतरताना हब्बनहट्टीला मलप्रभेकाठच्या मारुतीच्या पायऱ्यांपाशी थांबलो तर पायऱ्या गायब. तांबडं पाणी वळशे घेत चाललं होतं आणि मध्येच आख्खं झाड वाहत आलं, मुळासकट. सकाळच्या त्या कुंडाचं हे चार-पाच तासांच्या वाटेवर झालेलं रूप. मलप्रभा अशी मोठी होते हे मला माहीत होतं, पण डोळ्यांना पटत नव्हतं.

रात्री घरी वडगावलाच मुक्काम केला, कपडे वाळवायला. बाटली गच्चीत ठेवली. सकाळी मोजलं तर १८ मिलिमीटर.

तिसरा दिवस : गोडचिनमलकी आणि गोकाक

आज वेगळं पाणी. मलप्रभा सोडून मार्कंडेय. ही पण खानापूरकडच्या बैलूरच्या डोंगरातली. राकसकोपला तिच्यावर धरण आहे आणि बेळगावच्या नळाला तेच पाणी येतं, म्हणजे आम्ही रोज पितो ती नदी.

गोडचिनमलकीला रस्त्यापासून थोडं चालावं लागतं. नदी दोन टप्प्यांत उडी घेते, आधी सुमारे २५ मीटर, मग खडकाळ दरीत थोडं वाहून पुन्हा साधारण २० मीटर. पाऊस इथं नव्हताच. ऊन पडलेलं आणि धबधब्यात मात्र काल-परवाचा घाटावरचा पाऊस कोसळत होता. हे मला सगळ्यांत विलक्षण वाटलं. आभाळ कोरडं आणि नदीला पूर.

धबधब्यापासून मागं, पाण्यापासून चांगलं लांब, सपाट फरशीसारखे दगड आहेत. लेक तिथं बसली होती. तिनं हाक मारली, "आई, दगडावर लाटा आहेत." खरंच होत्या. ओढ्याच्या तळाच्या वाळूवर जशा बारीक नागमोडी वळ्या उमटतात, तशाच्या तशा, पण दगडात. दोन वळ्यांमधलं अंतर माझ्या दोन बोटांएवढं. वरून हात फिरवला तर धुणं धुवायच्या फळीसारखं लागलं.

हा कलादगी खडक. बेळगावच्या मातीखालचा काळा दगड हा ज्वालामुखीचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. गोकाकचा हा तांबूस, कठीण वाळूचा दगड त्याहून फार जुना, शंभर कोटी वर्षांच्याही आधीचा. त्या काळी इथं उथळ समुद्र होता. एखाद्या ओहोटीला वाळूवर वळ्या उमटल्या, त्यावर नवी वाळू बसली आणि त्या तशाच गोठल्या. त्या वेळी जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं, कुठं मासा नव्हता, पाखरू नव्हतं. लाट मात्र होती, आणि ती आजच्यासारखीच होती. मी हात बराच वेळ तिथून उचलला नाही. ऊन लागून दगड कोमट झाला होता.

(ओल्या दगडावर शेवाळ असतं. धबधब्याच्या तोंडाशी, मोबाइलवर फोटो काढायला म्हणून अजिबात जाऊ नका. दरवर्षी माणसं जिवानिशी जातात. नदी अचानक चढते, कारण पाऊस इथं नाही, वर पडत असतो.)

मार्कंडेय पुढं गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. गोकाकच्या धबधब्यापाशी आम्ही चारला पोचलो. आवाज आधी आला. आवाज म्हणण्यापेक्षा थरथर. गाडीतून उतरल्यावर तळपायांना ती जाणवली, मग कठड्याच्या लोखंडाला हात लावला तर तेही कापत होतं. ५२ मीटरवरून घटप्रभा खाली येते, घोड्याच्या नालासारख्या अर्धगोल कड्यावरून. पूर असतो तेव्हा कड्याची रुंदी पावणेदोनशे मीटरच्या आसपास भरते. पाणी चॉकलेटी, आणि खाली पडल्यावर त्याचा जो धूर होतो तो उलटा वर येऊन अंगावर पावसासारखा पडतो. पंधरा मिनिटांत आम्ही नखशिखान्त भिजलो. घटप्रभा इथं कठीण खडकाच्या काठावरून उडी घेते आणि तो काठच तोडत मागं सरकते. खाली दरीत पडलेल्या घराएवढ्या शिळा म्हणजे कधीकाळचे काठ.

काठावर चालुक्यकाळातली देवळं आहेत. समोर सूतगिरणी. १८८७ मध्ये ती इथं आली ती याच पाण्याच्या जोरासाठी, त्यावर पुढं यंत्रं फिरली. धबधब्यावरचा सुमारे दोनशे मीटरचा झुलता पूल आम्ही गेलो तेव्हा बंद होता. मामाला वाईट वाटलं. तो लहानपणी त्यावरून चालला होता, आजोबांचा हात धरून.

मुक्कामाची आधी ठरवलेली खोली ऐनवेळी मिळाली नाही. पैसे भरले होते, तरी "आज सणाची गर्दी आहे" एवढंच उत्तर मिळालं. संध्याकाळचे सात वाजलेले, कपडे ओले. जिथं जेवायला बसलो त्या खानावळीच्या अक्कांनी आमचं बोलणं ऐकलं आणि माडीवरची स्वतःची खोली उघडून दिली. पैसे घेईनात. त्यांचं कन्नड, आमचं मराठी आणि मधलं जे आपल्याकडं सगळेच बोलतात ते. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, वर दही. जेवण झाल्यावर करदंटाचा एकेक तुकडा, डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा, दाताला घट्ट.

जिना चढताना अक्कांनी भिंतीवर हात ठेवला, माझ्या खांद्याच्याही वर. "इष्टु नीरु," म्हणाल्या, मग मराठीत, "एवढं पाणी. दोन हजार एकोणीस." ऑगस्ट २०१९ चा पूर. घटप्रभा आणि मार्कंडेय दोन्ही एकदम चढल्या आणि गोकाक शहरात शिरल्या. रात्री मुलांना घेऊन त्या याच माडीवर बसल्या होत्या. खाली धान्याची पोती फुगून फुटत होती त्याचा आवाज येत होता, असं त्यांनी सांगितलं. भिंतीला नंतर दोनदा रंग दिला, तरी ओलीची रेघ पुन्हा वर येते. दुपारी ज्या पाण्यापुढं मी हात जोडून उभी होते ते हेच पाणी. रात्री उशिरापर्यंत मला ती रेघ डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी बाटलीत पाणी जेमतेम तळ ओला करण्याइतकं. दोन मिलिमीटर.

चौथा दिवस : नागपंचमी, नविलतीर्थ

पंचमीची सकाळ. गल्लीत लिंबाच्या झाडाला झोके बांधलेले, नव्या साड्यांतल्या सासुरवाशिणी उंच उंच झोके घेत होत्या. बायका वारुळाला दूध घालायला चालल्या होत्या. अक्कांनी लेकीच्या ओंजळीत तिळाच्या आणि शेंगांच्या उंड्या घातल्या आणि मला खण दिला. तीन दिवसांत दोन अनोळखी घरांतून मी ओटी घेऊन निघाले.

यरगट्टीवरून सौंदत्ती. काळी जमीन, मका, सूर्यफूल, मूग, आणि वर निळं आभाळ. वारा मात्र तोच होता, पश्चिमेचा, भरभर वाहणारा. लेकीनं वहीत आकडे लिहिले होते: ९५, १८, २. हा वारा समुद्रावरून पाणी घेऊन येतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो, वर गार होतो आणि जवळ असेल ते घाटमाथ्यावरच रितं करतो. इकडं उतरतो तो मोकळ्या हातानं. गोकाक-सौंदत्तीकडं वर्षाला साधारण पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. कणकुंबीला तेवढा एखाद्या आठवड्यात होतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा हा फरक.

वाटेत एका शेतकऱ्याला मामानं पावसाचं विचारलं. त्यानं उत्तरादाखल ढेकूळ उचलून बोटांनी चुरडून दाखवलं. कोरडी माती वाऱ्यानं उडून गेली.

आणि मग नविलतीर्थ. कन्नडात नविलु म्हणजे मोर. दोन डोंगरांच्या मधली अरुंद खिंड, कालच्याच त्या जुन्या खडकाची, मलप्रभेनं चिरलेली. त्या खिंडीतच १९७० च्या दशकात धरण बांधलं, आणि मागं पसरलंय रेणुकासागर. साधारण ३७ टीएमसी, म्हणजे ३७ अब्ज घनफूट पाणी मावतं त्यात. हुबळी-धारवाडच्या नळाला हेच, पुढं कोरड्या तालुक्यांतल्या शेतांना हेच. जिथवर नजर जाईल तिथवर पाणी, आणि काठाला एक ढेकूळही ओलं नाही. कणकुंबीच्या अंगणातले ते खळगे मला आठवले. काठावर धुणं धुणाऱ्या बाईला मी उगाचच सांगितलं, "हे आमच्या कणकुंबीचं पाणी." ती म्हणाली, "व्हय? लई गोड हाय."

(सौंदत्तीला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला अतोनात गर्दी असते, ते दिवस टाळा. धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरू नका, दारं उघडली तर पळायला वेळ मिळत नाही. दुपारी डोंगरावर सावली कमी, पाणी बरोबर ठेवा.)

जोगुळभावीला पाय धुऊन डोंगरावर गेलो. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या पायऱ्या, चौंडक्याचा आवाज, "उदं गं आई उदं". सणामुळं रांग होतीच. तासाभरानं गाभाऱ्यापाशी पोचलो. आजीची पुडी सोडायला गेले तर तिची गाठ सुटेना, शेवटी दातानं तोडली. तांदूळ आणि हळदकुंकू आईच्या पायावर घातलं, तिच्या नावानं.

बाहेर आल्यावर नातवाच्या मोबाइलवर फोन लावला. कणकुंबीत देवळापाशीच काय ती रेंज येते, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, चारला तिथं थांब. आजी पण आली होती.

"घातलं काय गं?"

"घातलं आजी. तुमच्या नावानं."

"आणि पाणी? पाणी किती आलंय तिकडं?"

मी सांगितलं, बरंच आलंय, पार लांबपर्यंत दिसतंय, पण अजून भरायचंय. पलीकडून पागोळ्यांचा आवाज येत होता, इतका की तिचं बोलणं त्यात बुडत होतं. ती जरा ओरडूनच म्हणाली,

"येईल, येईल. हिकडं अजून पडूलाय."